पक्षी पाहायला निघण्याआधी पाणी पाहा

प्रश्न: आम्ही वारज्याला राहतो. नववीतल्या मुलीला पक्ष्यांची गोडी लागली म्हणून डिसेंबरात दोन सहली केल्या. भिगवणला नावेत बसलो, पण रोहित (फ्लेमिंगो) एकही दिसला नाही. दत्तजयंतीच्या शनिवारी अलिबागजवळ आक्षीला गेलो. संध्याकाळी पाचला किनाऱ्यावर पोचलो. पक्षी होते, पण इतके लांब की नुसते काळे ठिपके. आमचं काय चुकलं? मोठी दुर्बीण घ्यावी का? आणि दर वेळी इतकं लांब न जाता पुण्याच्या आसपास कुठे जावं?

उत्तर:

तुमची दुर्बीण कमी पडली नाही आणि जागाही बरोबर होत्या. चुकलं ते पाणी. भिगवणला ते फार होतं आणि आक्षीला फार लांब गेलं होतं. गेली तीस वर्षं मी पुण्याहून पक्षी पाहायला निघतो आहे. सुरुवातीची बरीच वर्षं मीही "कुठे जाऊ" हेच विचारत असे. आता घर सोडण्याआधी त्या ठिकाणचं पाणी आज कुठवर आहे, याची चौकशी करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

आधी आक्षी, कारण तिथला हिशोब सगळ्यात सोपा आहे आणि आपण देशावरची माणसं नेमका तोच करत नाही. दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला पूर्ण भरती दुपारी बाराच्या आसपास येते. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. तुम्ही पाचला पोचलात तेव्हा पाणी जवळजवळ तळाला गेलेलं होतं. त्यात ते उधाणाचे दिवस. उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली उतरतं, आणि आक्षीसारख्या सपाट किनाऱ्यावर ते कितीतरी लांब जातं. पक्षी त्याच्या मागोमाग जातात, कारण त्यांचं खाणं पाण्यानं नुकत्याच सोडलेल्या ओल्या वाळूत असतं. शिवाय आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी पाचला सूर्य थेट तुमच्या डोळ्यांत. समोरचा पांढरा पक्षीही अशा वेळी काळाच दिसतो. मोठ्या दुर्बिणीतून तुम्हाला थोडे मोठे काळे ठिपके दिसले असते, एवढंच.

आता तो हिशोब. कोकणात जुन्या माणसांना विचारलंत तर ती तिथीची पाऊणपट करायला सांगतील. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहा, तिला पाऊणनं गुणा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, कारण भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि पंधरवड्यात फिरून पहिल्या जागी येते. दिवसातून दोन भरत्या असल्यानं नऊची भरती सकाळीही असते आणि रात्रीही. या हिशोबात अर्धा तास इकडे-तिकडे होतो. मिनिटाची खात्री हवी असेल तर फोनवर भरतीचं कोष्टक मिळतं. मी मात्र सहल ठरवताना अजूनही आधी तिथीच पाहतो, कारण महिनाभर आधी एका नजरेत सगळं कळतं.

मग पक्षी पाहायला कोणती तिथी चांगली? मी द्वादशी किंवा त्रयोदशी निवडतो. त्या दिवशी पूर्ण भरती सकाळी नऊ ते पावणेदहाच्या दरम्यान असते. सूर्योदयाला, म्हणजे सातच्या सुमारास, किनाऱ्यावर असलात तर पाणी चढू लागलेलं असतं आणि सूर्य तुमच्या पाठीशी असतो. पुढचे दोन तास चढतं पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. खाण्याची ओली पट्टी अरुंद होत जाते आणि अर्धा किलोमीटरभर पांगलेले पक्षी एका लांबलचक थव्यात गोळा होतात. तुम्ही त्यांच्याकडे चालत जाऊ नका. कोरड्या वाळूत, भरतीच्या रेषेच्या जरा वर, खाली बसा. उभा माणूस त्यांना धोक्याचा वाटतो, बसलेल्याला ते लवकर विसरतात. मुलीला अर्धा तास न हलता बसवणं अवघड वाटेल, पण पहिला चिखल्या पक्षी वीस पावलांवर आला की तिला पुन्हा सांगावं लागणार नाही.

एवढ्या सकाळी तिथं असायचं तर आदल्या रात्री मुक्काम हवा. पुण्याहून अलिबाग सुमारे १४० किलोमीटर. पहाटे तीनला निघून हे जमतं, पण घाटात झोपेत गाडी चालवण्याइतकं काही आवश्यक नसतं. ऑक्टोबर अखेर ते मार्च या काळात महिन्याला दोन द्वादशा येतात. त्यातली एखादी तरी शनिवार-रविवारी सापडतेच.

तिथं काय पाहायचं, ते जरा सविस्तर सांगतो. किनाऱ्यावरचे बहुतेक पक्षी मातकट, करडे, पांढरट. नवीन माणूस पुस्तकातली चित्रं पाहून गोंधळतो आणि कंटाळतो. म्हणून पहिल्या सहलीत नाव शोधू नका, चाल पाहा. चिखल्या थोडं धावतो, एकदम थांबतो, टोचतो, पुन्हा धावतो. त्याचे डोळे मोठे आणि चोच आखूड, तो नजरेनं शिकार करतो. तुतवार न थांबता चोच खुपसत चालतो, कारण त्याला वाळूतला किडा चोचीच्या टोकाला स्पर्शानं कळतो. सँडरलिंग नावाचा फिकट पांढरा पक्षी परतणाऱ्या लाटेमागे पळत जातो आणि पुढची लाट आली की तितक्याच घाईनं मागे येतो, दिवसभर. कर्ल्यूची वाकडी चोच हातभर लांब वाटते. ती जिथवर पोचते तिथवर बाकी कुणाचीच पोचत नाही. एकाच वाळूवर इतके पक्षी भांडण न करता कसे खातात, याचं उत्तर त्या चोचींच्या लांबीत आहे. नववीतल्या मुलीला हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे.

कुरव आणि सुरय यांतही आधी ठेवण पाहा. कुरव अंगानं जाड, चालणारा, सगळं खाणारा. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, वरून पाण्यात सूर मारणारा. वारा असेल तर सगळा थवा वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो, त्यावरून पुढच्या वेळी कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवता येतं. किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवरही नजर ठेवा. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड आपल्या किनाऱ्यावर अशाच झाडांवर घरटं करतो आणि तेच घरटं वर्षानुवर्षं वाढवत नेतो. पुन्हा जायचं झालं तर एप्रिलच्या सुरुवातीला एकदा जा. तेव्हा बरेचसे पक्षी गेलेले असतात, पण उरलेल्या चिखल्यांच्या छातीवर विणीचा तांबूस रंग चढू लागलेला असतो. डिसेंबरातला तो मातकट पक्षी हाच, यावर विश्वास बसत नाही.

आता भिगवण. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मैलोन्‌मैल पसरलं. कुंभारगाव, डिकसळ ही गावं त्या पाण्याच्या काठावरची. रोहित उंच पायांचा असला तरी त्याला खायला उथळ पाणी लागतं. तो मान खाली घालून चोच उलटी धरतो, जिभेनं पाणी आत-बाहेर करतो आणि चोचीतल्या गाळणीत अडकलेले बारीक जीव खातो. त्यामुळे पावसाळा चांगला झाला, धरण काठोकाठ भरलं, की डिसेंबरात रोहितांना पाय टेकायला जागाच नसते. तुमच्या बाबतीत तेच झालं असणार. पुढे शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, चिखलाची बेटं वर येतात आणि रोहित दिसू लागतात. भरपूर पावसाच्या वर्षी हे सगळं महिना-दीड महिना उशिरा होतं.

ही पातळी घरबसल्या कळते. वर्तमानपत्रात धरणसाठ्याचे आकडे येतात, त्यात उजनी पाहा. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं अधिक पाणी म्हणजे मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात "उजनी उणे" असे मथळे येतात. उणे म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्याला हात लागलेला. माझा अनुभव असा, की उपयुक्त साठा ६० टक्क्यांच्या खाली घसरू लागला की रोहितांसाठी निघावं. बहुतेक वर्षी तो फेब्रुवारीचा मध्य ते मार्च अखेर एवढा काळ असतो. सोलापूर रस्त्यावर पुढे पळसदेव लागतं. तिथलं जुनं मंदिर धरणात बुडालेलं आहे. पाणी उतरलं की ते हळूहळू बाहेर येतं आणि गावकऱ्यांना त्यावरूनच पातळी सांगता येते. नावाड्याला फोन करून "पक्षी आहेत का" असं विचारू नका, तो "आहेत" म्हणणारच. "पाणी किती उतरलं, बेटं उघडी पडली का" असं विचारा.

डिसेंबरातली तुमची फेरी अगदीच वाया गेली असं मात्र मला वाटत नाही. त्या दिवसांत काठच्या हरभऱ्याच्या शेतांत पट्टकादंब हंस चरत असतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, बाकी अंग राखाडी. हा पक्षी मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो आणि त्याची उड्डाणं ७,००० मीटरच्या वर नोंदवली गेली आहेत. पाण्याच्या कडेला चित्रबलाक, मधोमध वारकरी (कूट), खांबावर बसलेला, मासे पकडणारा कैकर. आणि सूर्यास्ताला भोरड्यांचे हजारोंचे थवे पाणकणसांत उतरतात. रोहितावर डोळा ठेवून गेलं की हे सगळं दिसूनही पाहायचं राहतं.

नावेबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. पूर्वी एका सहलीत आमच्यातल्या काहींना रोहित उडतानाचे फोटो हवे होते. आम्ही नावाड्याला थव्यात नाव घालायला लावली. थवा उठला, लांब जाऊन बसला, आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा उठला तेव्हा काही पक्षी परत बसलेच नाहीत, क्षितिजापार गेले. मागून दुसरी नाव आली, तिच्यातल्या लोकांना काहीच दिसलं नाही. पक्ष्यांच्या खाण्याचे ते तास आम्ही खाल्ले, आणि नावाड्याच्या पुढच्या गिऱ्हाइकाचा दिवसही. मला ते आजही बोचतं. नावाड्याला आधीच सांगा, की आम्हाला उडवायचे नाहीत, लांबूनच इंजीन बंद कर. सांगितलं की ते ऐकतात. पक्षी टिकले तर त्यांचा धंदा टिकतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांच्यावर घाई लादतो ते आपण.

आता पुण्याच्या आसपासचं. कवडी पाटाबद्दल तुम्ही ऐकलं असेल. सोलापूर रस्त्यानं हडपसर, मांजरी सोडून लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेवरचा जुना बंधारा. तिथंही पाणीच पाहायचं. पावसाळ्यात धरणांतून विसर्ग चालू असताना बंधाऱ्याचे दगड दिसत नाहीत आणि पक्षीही नसतात. विसर्ग थांबला, दगड उघडे पडले, उथळ पाणी पसरलं, की धोबी पक्षी येतात. पुण्यात हिवाळी पाहुण्यांमध्ये धोबी फार लवकर दाखल होतात, करडा धोबी तर सप्टेंबरातच. नोव्हेंबरापर्यंत चक्रवाकाच्या जोड्या, थापट्या, तलवार बदकं, शेकाट्या, सगळे आलेले असतात. मार्चपर्यंत कुठल्याही सकाळी सात ते नऊ या वेळात ४० जाती सहज होतात.

तिथली घाण पाहून मुलगी विचारेल, नदी इतकी घाणेरडी आणि पक्षी इतके कसे? त्याचं खरं उत्तर द्या. सांडपाण्यामुळे पाण्यात किड्यांच्या अळ्या बेसुमार वाढतात आणि त्या खाणाऱ्या पक्ष्यांची चंगळ होते. शेकाट्यांचा मोठा थवा म्हणजे नदी निरोगी असल्याचं लक्षण नव्हे. खोल स्वच्छ पाण्यात बुडी मारून खाणारी बदकं तिथं किती दिसतात, हे मोजा. काही लोक पक्ष्यांच्या संख्येकडे बोट दाखवून नदी ठीक आहे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. दुसरी गोष्ट काठाची. पाण्याच्या कडेला जी वीतभर चिखलाची उतरती पट्टी असते, तीच या पक्ष्यांचं ताट. काठ दगडी भिंतीनं सरळ बांधला की पाणी तेवढंच राहतं, पण ताट जातं.

पण वारज्याहून दर आठवड्याला कवडीही लांबच. तुमच्यासाठी माझी पहिली सूचना मुठेचीच आहे. विठ्ठलवाडीच्या आसपासचा एखादा चालत जाता येण्याजोगा काठ धरा आणि वर्षभर दर रविवारी तिथंच जा. हळदी-कुंकू बदक, ढोकरी, खंड्या, पाणकावळा, टिटवी, शेकाट्या, एवढे तर पहिल्याच महिन्यात ओळखीचे होतील. ज्यानं टिटवीची चाल वर्षभर पाहिली आहे त्याला आक्षीचा चिखल्या परका वाटत नाही, कारण दोघं एकाच कुळातले. लांबच्या सहलींची तयारी या घरच्या काठावर होते.

उन्हाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याची दरी गाठा. अतकरवाडीच्या बाजूला ओढा आटत जातो आणि पाण्याची मोजकी डबकी उरतात. एप्रिल-मेमध्ये सगळी झाडी त्या डबक्यांवर पाण्यासाठी येते म्हणा ना. स्वर्गीय नर्तक पांढरी शेपटी मिरवत अंघोळीला उतरतो, नाचण, कस्तूर, निळे माशीमार येतात. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. इथं गर्दी फार होते आणि काही जण फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावतात. विणीच्या दिवसांत हे करणं म्हणजे त्याला खोट्या प्रतिस्पर्ध्याशी झुंजवणं. तुम्ही करू नका, आणि कुणी करत असेल तर शांतपणे सांगा.

सुपे, जेजुरी, सासवडच्या माळरानांची चव थोड्या सवयीनंतर लागते. मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, पण धाविक, पखुर्डी, चंडोल, हिवाळ्यात भोवत्या आणि नशिबात असेल तर चिंकारा. गाडी वाटेवरच ठेवा, या पक्ष्यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात.

दुर्बिणीचा प्रश्न राहिला. ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. ४२ ला ८ नं भागलं की सव्वापाच येतात. तेवढ्या मिलीमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात जातो, म्हणून पहाटेही चित्र उजळ दिसतं. दहापट किंवा वीसपट घेतलीत तर हाताचा कंपही तितकाच मोठा होतो आणि दृश्य अरुंद होतं, उडता पक्षी सापडतच नाही. झूमवाल्या दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. सात ते बारा हजारांत चांगली सुरुवात होते. आणल्यावर एकदा नीट जुळवा: उजवं भिंग झाकून मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या बाजूच्या कड्यानं. चष्मा असेल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली करा. आणि पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची सवय करा. खाली पाहून दुर्बीण उचलली की पक्षी हरवतो. कॅमेरा पहिलं वर्ष घरी ठेवलात तर बरं.

मुलीला एक वही द्या. पक्ष्याचं नाव आणि संख्या सगळेच लिहितात. तिला तारखेशेजारी तिथी, आणि पाणी कुठवर होतं, हेही लिहायला सांगा. नदीवर असाल तर कुठला दगड उघडा होता, उजनीवर किती टक्के, किनाऱ्यावर भरतीला किती वेळ होता. नोंदी पुढे ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवता येतील. ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. तोवर कवडीचे दगड उघडे पडलेले असतील. पहिली नोंद तिथं करा, आणि त्याच संध्याकाळी कॅलेंडर काढून पुढच्या महिन्यातली द्वादशी कुठल्या वारी येते ते पाहून आक्षीचा मुक्काम ठरवून टाका.